ट्रक निघण्याआधी थोडं थांबा

ताई, सलाम.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका चर्चचा सेक्रेटरी. मंडळीत 140 कुटुंबं आहेत: शिक्षक, नर्सेस, एसटीतले, थोडे शेतकरी. सप्टेंबर 2025 मध्ये, ऐन नवरात्रात, सीनेला पूर आला आणि खाली करमाळा, माढा, परांडा भागातली गावं पाण्यात गेली. टीव्हीवर ते बघून पाळकसाहेबांनी आवाहन केलं. तीन रविवारांत 2 लाख 86 हजार जमले. एवढं दानार्पण आमच्याकडे नाताळातही होत नाही. शिवाय हॉलशेजारची खोली जुन्या कपड्यांनी भरली आहे.

आता पंचांच्या बैठकीत एकमत होईना. तरुण संघ म्हणतो, ट्रक भरू, बॅनर लावू, बायबलमधला नवा करार आणि धर्मप्रचाराच्या पत्रिका बरोबर नेऊ. दोन पंच म्हणतात, त्या गावांत आपली ख्रिस्ती घरं आहेत, आधी आपल्यांना द्या. ज्येष्ठांना भीती वाटते की धर्मांतराचा आळ येईल. ते म्हणतात, पैसे मुख्यमंत्री सहायता निधीला पाठवा आणि मोकळे व्हा. माझा भाचा अमेरिकेत आहे, त्याचं चर्च 3,000 डॉलर द्यायला तयार आहे. एक गोष्ट बैठकीत कोणी काढलीच नाही. आमच्या मंडळीतल्या एका विधवा बाईंची सीनाकाठची दीड एकर खरडून गेली आहे. त्या दर रविवारी येतात, मागच्या बाकावर बसतात. काय करावं?

एक सेक्रेटरी

भाऊ, सलाम.

तुमच्या पत्राचा शेवट मी आधी घेते. मागच्या बाकावरच्या बाईंना कोणी विचारलं आहे का? ट्रक, बॅनर, डॉलर राहू द्या बाजूला. येत्या रविवारी उपासना सुटली की महिला संघातल्या दोघींनी त्यांच्या घरी जावं, चहा घ्यावा आणि एकच विचारावं: सातबारा कोणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न उगाच सुचलेला नाही. मी तुमच्या धर्माची नाही. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेली बाई आहे. 1993 साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नोकरीत नवी होते, आणि 2019च्या महापुरात कृष्णाकाठी याद्या करत होते. नवरा जाऊन आठ-आठ वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्याचंच नाव, नाहीतर सगळा गट सासऱ्याच्या आणि दिरांच्या नावावर सामाईक, अशा बायका मी किती पाहिल्या म्हणून सांगू. पंचनामा बरोबर होतो, यादी बरोबर लागते, आणि पैसे दिराच्या खात्यात जमा होतात. तेव्हा बाईंची वारसनोंद झाली आहे का ते बघा. नसेल तर मृत्यूचा दाखला वगैरे कागद जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. गावात कोणी म्हणत नाही.) यादीत नाव आहे का, बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का, ई-केवायसी राहिली आहे का, हे तुमच्यातला एखादा रिटायर्ड मास्तर एका सकाळीत बघून देईल.

आणि पंचनाम्यात काय लिहिलं आहे ते नीट वाचा. पीक जाणं वेगळं, शेतात वाळू-गाळ साचणं वेगळं आणि मातीच खरडून जाणं वेगळं. तिन्हींची मदत वेगवेगळ्या कलमांत बसते. ज्या रानात आता खालचा मुरूम उघडा पडला आहे तिथे नुसता ‘सोयाबीन बाधित’ असा शेरा म्हणजे चेष्टा आहे. शेरा चुकला असेल तर तहसीलला लेखी अर्ज, आणि अर्जाची पोच. पोच हातात पडल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. मी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून सांगते.

बाईंना रोख मदत करायची ती पूरनिधीतून करू नका. चर्चमध्ये गरिबांसाठीचा काही ना काही निधी असतो, त्यातून पाळकसाहेबांनी आणि एका पंचांनी गुपचूप द्यावी. फलकावर लागलेल्या पूरग्रस्तांच्या यादीत स्वतःचं नाव दिसलं, तर पुढच्या रविवारी त्या मागच्या बाकावरही दिसणार नाहीत.

आता ट्रकचं बघू.

2019 साली एका गावात मी यादी घेऊन एका आजींच्या दारात गेले. पाणी उतरून तीन आठवडे झाले होते. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ. ओट्यावर मदतीच्या पिशव्या ओळीने मांडलेल्या. नऊ मीठपुडे होते, नऊ टूथब्रश, बिस्किटांची खोकी, चार प्रकारचे तांदूळ. आजींच्या तोंडात एक दात नव्हता. टूथब्रशांकडे बघून त्याच हसत होत्या. अर्जावर अंगठ्याची जागा दाखवली तर एकदम ताठ झाल्या. ‘मला सही येते. चष्मा गेलाय पुरात, म्हणून दिसंना.’ नऊ ठिकाणची माणसं त्या दारात येऊन गेली होती, फोटो काढून गेली होती. चष्म्याचं कोणी विचारलं नव्हतं. चारशे-पाचशे रुपयांची वस्तू.

म्हणून पहिली फेरी रिकाम्या हाताने करायची. चौघं जा: एक नर्स, एक मास्तर, महिला संघातली एखादी जाणती बाई, आणि तरुण संघातला मोटरसायकलवाला पोरगा, कारण शेवटची वस्ती बहुधा जीपच्या रस्त्यावर नसते. सबंध दिवस द्या. घराघरात बसा. ‘काय पाहिजे?’ असं विचारलं की माणसं लाजतात, नाहीतर पाठ झालेली यादी म्हणतात. त्यापेक्षा ‘पाण्यात काय काय गेलं?’ असं विचारा आणि गप्प बसून ऐका.

गाव कोणतं निवडायचं? महामार्गावरून दिसणारं नको. मदतीचा ट्रक पहिल्या चिखलापाशी थांबतो आणि तिथेच रिकामा होतो, हा मी पाहिलेला नियम आहे. फाट्यावरच्या गावात तिसऱ्यांदा किट पोचतं, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर कोणी फिरकत नाही. एकच गाव घ्या. दहा गावांत 28-28 हजार वाटून तुम्हाला समाधान मिळेल, गावाला एकेक पिशवी मिळेल. एका गावात अडीच लाख नीट लागले तर दिसतात. सीना तुमच्या नगरजवळच उगम पावते आणि पार हत्तरसंग कुडलला जाऊन भीमेला मिळते. त्या पुरात तुमच्या जिल्ह्यात पडलेलं पाणीही होतंच. तेव्हा तिच्या काठचं एक गाव ‘आपलं’ म्हणायला तुम्हाला वेगळं कारण शोधावं लागणार नाही.

गाव ठरलं की पुढचा प्रश्न, कोणाला. इथे माझं मत पक्कं आहे: सरकारच्या कागदात जो बसत नाही त्याला. सरकारची मदत मुख्यतः सातबारा आणि पडलेलं घर या दोन खुंट्यांवर टांगलेली असते. दुसऱ्याचं रान वाट्याने करणारा माणूस बी-खत स्वतःचं घालतो, पीक त्याचं वाहून जातं, भरपाई मालकाच्या नावावर येते. (मालक भला असेल तर अर्धी देतो. असतात भले.) रोजाने खुरपायला जाणाऱ्या बाईची दोन महिन्यांची मजुरी बुडाली, तिचा पंचनामा कुठल्या रकान्यात करणार? पारधी वस्तीवरच्या झोपडीला घर क्रमांक नसतो. टपरीवाला, शिलाई मशिनवाली, कोंबड्या पाळणारी म्हातारी, सगळे यादीच्या काठावरचे. ऊसतोड कुटुंबांचं आणखी वेगळं: कारखान्यांचा हंगाम लागला की ती बिऱ्हाड घेऊन निघतात, घराला कुलूप. वाटप होतं तेव्हा ती तिथे नसतातच. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्यांच्यासाठी एखादी फेरी वेगळी ठेवा.

यादी चावडीत, सरपंच आणि चार बायका समोर बसवून करा आणि मोठ्याने वाचून दाखवा. कोणी म्हणेल, अमक्याचं नाव घाला, तो आमचा आहे. कोणी म्हणेल, तमकीला नको, तिच्या घरी मोटरसायकल आहे. होऊ दे भांडण, तिथेच होऊ दे. बंद खोलीत केलेल्या यादीचं भांडण तुम्ही परत गेल्यावर होतं, आणि ते फार दिवस चालतं.

इथेच ‘आधी आपल्यांना’चं उत्तर आहे. त्या दोन पंचांना मी स्वार्थी म्हणणार नाही; लांब राहिलेल्या नातलगाची आठवण संकटात येतेच. पण विचार करा. गावात ख्रिस्ती घरं असतील पाच-सहा, बहुतेक गावकुसाला लागून. शंभर घरांत पाणी शिरलं आणि बाहेरून आलेल्या ट्रकने त्या सहांपुढेच पोती उतरवली. ट्रक संध्याकाळी नगरला गेला. त्या सहा घरांनी उद्या सकाळी त्याच आडावर पाण्याला जायचं आहे, त्याच शेतकऱ्याकडे कामाला जायचं आहे. तुमची पोती त्यांना महागात पडतील. शंभरांच्या यादीत ती सहा घरं गरजेप्रमाणे जिथे येतील तिथे येऊ द्या. खरं तर त्यांनाच तुमचे वाटाडे करा. यादीच्या वेळी घोटभर पाणी, बसायला सतरंजी त्यांनी दिली, तर गावात त्यांची मान वर राहील.

पत्रिका आणि नव्या कराराबद्दल तरुण संघाला माझं म्हणणं थोडं कडक वाटेल. नेऊ नका. एकही नको, डॅशबोर्डवरसुद्धा नको. ज्याच्या घरात पीठ नाही त्याच्या एका हातात पीठ आणि दुसऱ्या हातात पत्रिका दिली, तर तो ‘नको’ म्हणू शकत नाही. आणि ज्याला नको म्हणता येत नाही त्याला काही सांगायला जाण्यात काय अर्थ आहे? मदतीआडून धर्मांतर होतं, हा संशय आजचा नाही. 1893 साली पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेवरून केवढं वादळ उठलं! न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आणि त्याच रमाबाई चार वर्षांनी दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी बायका-मुलींना घेऊन पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आल्या. दोन्ही गोष्टी इतिहासात शेजारी-शेजारी उभ्या आहेत. तुम्हाला दोन्हींचं ओझं घेऊनच त्या गावात शिरायचं आहे.

पण लपूनही जाऊ नका. ज्येष्ठांची भीती मला समजते. मात्र नाव दडवून वाटप करणारे लोक जास्त संशयास्पद दिसतात, हे त्यांना सांगा. चर्चच्या लेटरहेडवर सरपंचाला आणि तहसीलदाराला एक पत्र द्या: आम्ही कोण, किती जण, कोणत्या तारखेला, काय घेऊन येणार. एक प्रत पोलीस ठाण्यात. कोणी विचारलं ‘कुठून आलात?’ तर सरळ सांगा, अमक्या चर्चकडून. बॅनर मात्र नको. बॅनर लागला की त्याच्यासमोर माणसं उभी करून फोटो काढायचा मोह होतो. फोटो काढायचाच तर गाळ काढलेल्या विहिरीचा काढा. आणि एखाद्या माउलीने स्वतःहून म्हटलं, ‘आमच्यासाठी प्रार्थना करा,’ तर पाळकसाहेबांनी परत येऊन आपल्या चर्चच्या वेदीसमोर करावी. ती तिथूनही पोचते, असं तुम्हीच शिकवता.

तुमच्याच नगरचं एक उदाहरण तरुणांना सांगा. स्विस जेझुइट (एका कॅथलिक संघातले) फादर हर्मन बाखर, लोक ज्यांना बाखर बाबा म्हणत. दुष्काळी गावांत नुसतं धान्य वाटून भागत नाही हे त्यांना दिसलं आणि ते माती-पाण्याच्या कामाकडे वळले. डोंगरावर समतल चर, ओढ्यावर बांध, आणि सगळं गावकऱ्यांच्या श्रमदानातून. त्यातूनच पुढे 1993 साली पाणलोटाचं काम करणारी ‘वॉटर’ (WOTR) ही संस्था उभी राहिली. त्यांच्या झग्यावरून भांडलेलं गाव मला तरी ठाऊक नाही. बांधाला पाणी अडलं की कोणाचं फावडं होतं ते कोणी विचारत नाही.

तुमच्याकडे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे ती म्हणजे हात, आणि तुम्हाला त्याची कल्पना नाही असं पत्रावरून दिसतं. 140 कुटुंबांत एक तरी मोटर रिवाइंडिंगवाला असेल, एक तरी वायरमन. पुरात बुडालेली विहिरीवरची मोटर भरून घ्यायला शेतकऱ्याला हजारो रुपये लागतात, आणि मोटर नसली तर रब्बीला पाणी नाही. दोन मेकॅनिक, तांब्याची तार, चार रविवार दुपार: वीस मोटरी चालू होतील. स्टार्टर गेलेले असतील, ठिबकचे पाइप गाळाने बुजलेले असतील. विहिरी गाळाने भरल्या असतील, तर त्यांच्यावर यारी (गाळ वर ओढायचं यंत्र) लावावी लागते. ती भाड्याने मिळते, तिचं भाडं तुमच्या निधीतून द्या आणि गाळ काढायला गावातलेच मजूर रोजावर लावा. मजुरी बुडालेली माणसं तीच आहेत. एकाच पैशात दोन कामं होतील. विहिरीत उतरण्याआधी मात्र हवा खेळती आहे ना ते जाणत्याकडून बघून घ्या, बंद विहिरीत गुदमरून माणसं जातात. पिण्याच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचं हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला आणि आरोग्यसेवकाला ठरवू द्या. हौसेने ओतू नका.

जमिनीला वाफसा आला की हरभऱ्याचं बी लागेल, लगेच. इथे उशीर चालत नाही. कृषी सहायकाला विचारून त्या भागात चालणारं वाण घ्या, पावती घ्या. जनावरं वाचली असतील तर कडबा किंवा मुरघासाच्या बॅगा. शेतकरी स्वतःच्या पोटाचं मागत नाही, पण गोठ्यासाठी मागतो.

नर्सेसना म्हणावं, गोळ्यांची खोकी घेऊन जाऊ नका. कोणाच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या बंद पडल्या आहेत एवढी यादी करा आणि आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायाला चिरा असतात. पुरानंतर लेप्टो तापाची भीती असते. पन्नास गमबूट नेलेत तर कोणी नाही म्हणणार नाही. चष्मे विसरू नका. नेत्रतपासणीचं एक शिबिर लावा, जिल्ह्यात करणारे डॉक्टर आहेत.

आणि मास्तर. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. वाहून गेली तर शाळेकडून पुन्हा मिळवायची सोय होऊ शकते. नववी ते बारावीच्या पोरांना ती विकत घ्यावी लागतात. फेब्रुवारीत बोर्ड. कृष्णाकाठी मी एका घराच्या अंगणात पाहिलं होतं: बारावीतल्या मुलीने केमिस्ट्रीचं जर्नल पानंपानं सुटं करून कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लावलं होतं. शाई पसरून पानं निळी झाली होती. ती एकेक पान उन्हाकडे धरून वाचायचा प्रयत्न करत होती आणि जे लागेल ते शेजारी वहीत उतरवत होती. तुमच्या मंडळीत शिक्षक आहेत म्हणता. दहावी-बारावीच्या पोरांसाठी शनिवारी गणित-विज्ञान घ्या, मुख्याध्यापकांची परवानगी काढून, जिल्हा परिषदेच्या शाळेतच. सुरुवातीला प्रार्थना नाही, शेवटी गाणं नाही. फक्त गणित.

पैशांची वाटणी मी अशी करेन. ज्येष्ठांचं मन मोडू नका. मुख्यमंत्री सहायता निधी हा काही वाईट मार्ग नाही. त्यात 36 हजार पाठवा. उरले अडीच लाख. त्यातले सव्वा लाख आत्ता खर्च करा आणि सव्वा लाख जूनपर्यंत हात न लावता ठेवा. हे ऐकून बैठकीत आरडाओरडा होईल: लोक आज अडचणीत आहेत आणि तुम्ही पैसे दाबून बसता! होऊ दे. ऑक्टोबरमध्ये सगळे येतात. जूनमध्ये बी-बियाणं, शाळेची फी, सावकाराचं व्याज एकाच आठवड्यात दाराशी उभं राहतं आणि तेव्हा रस्त्यावर एकही ट्रक नसतो. वर्गणी देणाऱ्यांना मात्र हे आजच जाहीर सांगा, नंतर नको.

अमेरिकेच्या डॉलरना हात लावू नका. परदेशी चर्चचे पैसे म्हणजे परदेशी देणगी. एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी असल्याशिवाय ती तुमच्या चर्चला घेता येत नाही, आणि नोंदणी असेल तर ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावी लागते. एका संस्थेने घेऊन दुसरीला वाटायची वाटही 2020च्या दुरुस्तीने बंद झाली. भाच्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवायला हरकत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर तोही परदेशी. ‘मामा, तुझ्या खात्यावर टाकतो, तू चर्चला दे’ असं तो म्हणेल. प्रेमाने म्हणेल. नाही म्हणा. त्याच्या चर्चला सांगा, एफसीआरए नोंदणी असलेल्या, पूरग्रस्तांत काम करणाऱ्या संस्थेला थेट द्या. आणि एकदा तुमच्या सीएला विचारून घ्या. देणगीवरच्या आयकर सवलतीचं (80जी) प्रमाणपत्र असेल तर 2,000च्या वरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही, हेही तो सांगेल.

हिशोबाबद्दल तुमच्याकडे कोणीतरी उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये असं म्हणेल. ते आपण स्वतः दिलेल्या दानाबद्दल आहे, दुसऱ्यांनी दिलेल्या पैशाबद्दल नाही. मी परधर्मीय बाई, पण प्रेषितांच्या कृत्यांतला अकरावा अध्याय एका ख्रिस्ती सहकाऱ्याने मला दाखवला होता. दुष्काळ पडणार म्हणून अंत्युखियाच्या मंडळीने यहूदियातल्या भावंडांसाठी वर्गणी काढली आणि ती बर्णबा आणि शौल अशा दोघांच्या हाती पाठवली. एकाच्या नाही, दोघांच्या. मला कारकून म्हणून ते फार आवडलं. तुमच्याकडेही चेकवर दोन सह्या, आणि दर रविवारी हॉलच्या दारावर एक कागद: किती आले, किती गेले, कशावर. पावत्या फाइलला. यारीवाला पावती देत नाही, त्याची सही साध्या कागदावर घ्या.

पाळकसाहेबांना एक निरोप. व्यासपीठावरून पूर हा पापाची शिक्षा आहे असं चुकूनही निघू नये. मागच्या बाकावर कोण बसलं आहे ते तुम्हीच मला लिहिलंत.

राहिली कपड्यांची खोली. 2004च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर असेच जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. मच्छीमारांनी ते अंगाला लावले नाहीत, आणि का लावावेत? घर गेलं म्हणून माणसाची आवड जात नाही. तुमच्या खोलीतलं एकही पोतं तसंच्या तसं नेऊ नका. महिला संघाने एक दिवस बसून निवडावं. त्यातल्या सुती साड्या, लुगडी, धोतरं वेगळी काढा, धुऊन उन्हात घाला. तुमच्याकडे गोधडी शिवणाऱ्या म्हाताऱ्या असतील. नसतील तर त्या गावात आहेत, त्यांना शिलाई देऊन शिवून घ्या. नदीकाठी डिसेंबरात थंडी हाडात शिरते, आणि पुरात सगळ्यात आधी अंथरुणं जातात. चार थरांची, दाट टाक्यांची गोधडी घराघरात दोन. ती कोणी रस्त्याकडेला टाकत नाही. लग्नातले कोट आणि जोडी नसलेले बूट भंगारवाल्याला द्या; जे चाळीस-पन्नास रुपये येतील ते दोऱ्याच्या रिळांना घाला.